निंगव्वाची चिमूट

६ जानेवारी, सोमवार

पाहून आले! शाळेच्या ऑफिसातून सुटले ती थेट अक्कलकोट रोडला, जगदेवी अक्कांच्या शेंगाचटणीच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे दोन खोल्या, दोन उखळं, पाच बायका. अक्का विकताहेत. मला घ्यायचाय. वीस वर्षं हजेरीपट भरले, आता पुरे!

अक्कांकडे नुसतं बघत बसावं. साठी उलटली, पण बसल्या जागेवरून पाचही जणींवर नजर. दाणे भाजले की नाही ते कढईच्या आवाजावरून ओळखतात! पाठमोऱ्या बसल्या होत्या, तरी ओरडल्या, "काढ की गं, करपतंय!" आणि खरंच, दाणे करपायच्या बेतात आलेले.

आणखी एक. उखळातून चटणी काढली की पहिली चिमूट निंगव्वाच्या तळहातावर. निंगव्वा म्हणजे सगळ्यांत जुनी कामगार, तोंडातून शब्द निघत नाही. तिनं मान हलवली की मगच पुड्या बांधायच्या. अक्का स्वतः चाखतसुद्धा नाहीत. कामगार आधी, मालकीण मागून! यांच्या पंथात दासोह म्हणतात, आधी दुसऱ्याच्या मुखी, मग आपल्या, तो हाच. मला तर भरून आलं.

मलाही चिमूट मिळाली. "छान!" म्हटलं.

८ जानेवारी, बुधवार

नवरेबुवांनी यादी केली. लग्नपत्रिकेच्या पाठीमागे, अर्थातच. परवाना कुणाच्या नावावर? जागेचा करार किती वर्षांचा? मोठी गिऱ्हाइकं किती, आणि ती कुणाच्या तोंडाकडे बघून येतात? बायका टिकतील का? शेवटी दोनदा अधोरेखित — "बाई का विकतेय?"

वेणीमाधव, साधी छत्री घेताना तुम्ही तीन दुकानं फिरता! पण यादी चोख आहे. मान्य.

११ जानेवारी, शनिवार

यादी घेऊन बसले. अक्कांनी न कुरकुरता एकेक कागद पुढं टाकला. दोन दुकानदार तर समोर बोलावले, म्हणाल्या, "माझ्यामागं काय इचारायचं ते इचारा," आणि उठून बाहेर गेल्या! अशी माणसं राहिलीत कुठं?

शेवटचा प्रश्न विचारला. सोमवारी म्हणाल्या होत्या, गुडघे. आज म्हणाल्या, मुलगा पुण्याला बोलावतो.

घरी हे म्हणाले, "दोन कारणं सांगतेय, म्हणजे तिसरं आहे."

भांडले मी. सगळं जग यांना खोटंच दिसतं.

१२ जानेवारी, रविवार

पुन्हा चिमूट. छान!

१७ जानेवारी, शुक्रवार

गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरली. विसार घेऊन गेले. पाकीट पुढं केलं तर अक्कांनी हात मागं घेतला.

"आदी ऐका. करोनात ताप आला. तवापासून मला चव न्हाय, वास न्हाय. मीठ आन् साखर सारकंच. चार वरसं निंगव्वाच्या जिभेवर धंदा चाललाय. तिनं कुटं तोंड उघडलं न्हाय."

म्हणून कढईचा आवाज! म्हणून पहिली चिमूट निंगव्वाला! आणि मी त्याला दासोह समजून बसले होते. लाज वाटली मला. पण बाईची कमाल बघा. पाकीट घेऊन गप्प बसल्या असत्या तरी मला कधी कळलं नसतं.

"उखळं देते, नाव देते, गिऱ्हाईक देते. निंगव्वा काय माजी न्हाय द्यायला. तिला तुमीच इचारा."

ती नसेल तर मी काय विकत घेतेय? दोन उखळं!

घरी येऊन सांगितलं. वाटलं, हे आता "बघ" म्हणणार. म्हणाले नाहीत. चहा करून दिला.

१८ जानेवारी, शनिवार

निंगव्वाच्या घरी गेले. पगार वाढवते म्हटलं. ती तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली — एवढं बोलताना तिला पहिल्यांदाच ऐकलं —

"तुमी दर टायमाला छानच म्हनता. त्या दिशी लसून जळका व्हता, तरी छान. अक्काची जीभ गेली, पन कान शाबूत हायत. तुमचं काय हाय?"

मी ताटातला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"सोमवारी या. मग सांगते, राहते का न्हाय."

१९ जानेवारी, रविवार

छान, छान! आयुष्यभर हेच केलं. हेडमास्तरांना छान, नणंदेच्या साडीला छान. काल रात्रीच्या आमटीलासुद्धा.

२० जानेवारी, सोमवार

निंगव्वानं चिमूट माझ्या तळहातावर ठेवली. आधी माझ्या! बाकी चौघी हात थांबवून बघत होत्या. सवयीनं छान ओठांवर आलंच होतं. गिळलं. चावत राहिले.

"मीठ कमी आहे," म्हटलं. आवाज केवढासा निघाला.

निंगव्वा हसली. दात दिसले तिचे! आतल्या खोलीकडं वळून ओरडली, "अक्का, उप्पु कडिमी म्हनली!"

आतून अक्का — "मग घेते की गं विसार!"