उघड्या पाठीचा हेडफोन

२२ सप्टेंबर, सोमवार. संध्याकाळी.
हेडफोन आला. आमच्या 'शुद्ध नाद' ग्रुपचा हा एकच हेडफोन गावोगाव फिरतो. ज्याच्याकडे येईल त्याने दसऱ्यापर्यंत ऐकायचा, आवाज आणि कम्फर्ट यांवर परीक्षण द्यायचं आणि पुढच्या मेंबरला कुरियर करायचा. अख्ख्या म्हैसुरातून निवड फक्त माझी. ग्रुपचे ॲडमिन दामोदरराव बेंगळुरूचे. त्यांनी स्वतः लिहिलं की विजयेंद्र, तुमच्या कानांवर भरवसा आहे. मेसेजला स्टार करून ठेवला.

ओपन-बॅक आहे. म्हणजे कानावरच्या वाट्यांची मागची बाजू बंद नसते, जाळीची असते. आवाज कोंडत नाही. सभागृहात बसल्यासारखं वाटतं. श्रीविद्याला हे नीट समजावून सांगितलं. ती पायऱ्यांवर नवरात्राच्या गोंबे, म्हणजे बाहुल्या, मांडत होती. म्हणाली, जरा बाजूला व्हा, राजा-राणी ठेवायचेत. बायकोला या विषयात गोडी नाही हे जुनं दुःख आहे.

शरण्या शनिवारी भागीरथीबाईंच्या घरी गोंबेंपुढे गाणार आहे. भागीरथीबाई तिच्या गाण्याच्या बाई. लहानपणी पोरीला धाप लागायची, डॉक्टर म्हणाले गाणं लावा, दम वाढेल. लावलं. आता पहिल्या पीयूसीत, म्हणजे अकरावीत आहे आणि औषध सुटलंय. शिस्त माझी. तिने गाणं मोबाइलवर रेकॉर्ड करून माझ्या लॅपटॉपवर टाकलंय. अप्पा, ऐकून सांगा म्हणाली. म्हटलं, याच हेडफोनवर ऐकतो. उद्याच.

संकल्प: रोज सात ते आठ एकाग्र श्रवण. घाईत मत नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार.
सुरुवात केली. बास संयमी आहे. (संयमी हा शब्द ऑफिसच्या बसमध्ये हूटगळ्ळीच्या सिग्नलला सुचला. लगेच लिहून घेतला.) बासरी अप्रतिम.

अडचण एकच, घर. जाळीमुळे बाहेरचं सगळं आत येतं. बासरीच्या आलापात कुकरची शिटी आली. सगळ्यांना सांगितलं की सात ते आठ शांतता पाळा. आई म्हणाली, सुम्ने, मुकाट्याने तू आतल्या खोलीत जाऊन बस की रे. आतल्या खोलीत खुर्ची नाही.

श्रीविद्या म्हणाली, तेच गाणं किती वेळा लावाल, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मला पाठ झालं. कसं शक्य आहे? हेडफोन माझ्या कानाला, ती स्वयंपाकघरात. ओपन-बॅकमधून आवाज बाहेर जातो असं म्हणतात, पण थोडा. तिला भास झाला असणार.

शरण्याने विचारलं, ऐकलं का. म्हटलं, आधी कान या हेडफोनला सरावू देत, नाहीतर तुझ्यावर अन्याय होईल. हम्म म्हणाली.

२४ सप्टेंबर, बुधवार. सात वाजता.
आज कम्फर्ट. मखमली गाद्या. वजन जाणवतसुद्धा नाही. दहापैकी नऊ.

पावणेआठ.
वजन जाणवतं. चष्म्याच्या काड्या कानामागे रुततात. आई म्हणाली, आपल्या घरात डोकी मोठीच, तुझ्या अप्पांना लग्नात म्हैसूर पेटा डोक्याला बसला नाही, फोटोत बघ, हातात धरलाय. परीक्षणात हे लिहिता येत नाही.

आठ.
उपाय निघाला. चष्मा काढून ऐकायचं. मग स्क्रीन दिसत नाही, कोणतं गाणं लागलंय कळत नाही. पण मोठे समीक्षक हेच मुद्दाम करतात, त्याला ब्लाइंड टेस्ट म्हणतात. लॅपटॉपवरची सगळी गाणी शफलवर टाकली. आता नावाचा प्रभाव नाही, ओळखीचा प्रभाव नाही. निव्वळ कान. कम्फर्ट परत नऊ.

२५ सप्टेंबर, गुरुवार.
आजचा दिवस माझा.

चष्म्याशिवाय टाइप होत नाही, म्हणून परीक्षण व्हॉइस नोटमध्ये बोललो. गाणं कानात चालू ठेवून, ताजं ताजं. वीणा झाली, मृदंग झाला. मग शफलमध्ये कुठलीशी मुलगी आली, नुसत्या श्रुतिपेटीवर गाणारी. बोललो की इथे हा हेडफोन निर्दय होतो, गाणारीचं काहीएक लपू देत नाही. वरच्या षड्जावर आवाज थरथरतो. प्रत्येक ओळीआधी श्वास ऐकू येतो, तोही तुटका. दम पुरत नाही. अशांनी घरच्या घरी गावं, रेकॉर्ड करण्याच्या भानगडीत पडू नये.

शेवटचं वाक्य फारच जमलं. नोट ग्रुपवर टाकली. अंगठ्यांची रांग लागली. दामोदररावांनी लिहिलं, काय कान आहेत. नोट पिन केली, नव्या मेंबरांनी नमुना म्हणून ऐकावी म्हणून.

श्रीविद्या म्हणाली, किती मोठ्याने बोलत होतात, शेजारपाजाऱ्यांनाही ऐकू गेलं. कानात मृदंग वाजत असताना माणूस मोठ्यानेच बोलणार.

शरण्या जेवायला आली नाही. दसऱ्याची सुट्टी आहे, पण हल्लीच्या मुलांना सुट्टीतही टेन्शन असतं. तिचं गाणं उद्या नक्की ऐकायचं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार. सात वाजता.
घरात कमालीची शांतता. शरण्याचा रियाज नाही. श्रीविद्याने भांडंसुद्धा वाजवलं नाही. माझं म्हणणं शेवटी पटलं म्हणायचं. थोडा आग्रह धरला की माणसं ऐकतात.

साडेआठ.
लिहावं की नाही कळत नाही. लिहितो.

गाणी संपली होती. हेडफोन डोक्यावरच होता, डोळे मिटलेले. श्रीविद्या आणि आई आरती आटोपून समोर बसल्या. त्यांना वाटलं मला ऐकू येत नाही. ओपन-बॅकमधून सगळं ऐकू येतं, हे मीच सोमवारी समजावलं होतं, पण तेव्हा कुणी लक्ष दिलं नव्हतं.

आईने विचारलं, पोरगी उद्या गात नाही म्हणते ते खरं का. श्रीविद्या म्हणाली, खरं. बाईंना फोन करून सांगितलं तिने, घसा बसलाय म्हणून. अप्पांनी सगळ्या जगाला सांगितल्यावर की दम पुरत नाही, गाईल कशी. आई म्हणाली, त्याला गोत्तिल्ला ग, तिचं गाणं आहे हे त्याला कळलंच नाही. श्रीविद्या म्हणाली, तेच म्हणते मी. पोटच्या पोरीचा आवाज कळला नाही.

मग आई म्हणाली, पाप. आमच्याकडे बिचाऱ्या माणसाला असं म्हणतात. शरण्याला म्हणाली असणार.

हेडफोन तिथल्या तिथे काढायला हवा होता. पण काढला असता तर मी ऐकलं हे त्यांना कळलं असतं. म्हणून तसाच बसून राहिलो आणि गाणं चालू असल्यासारखी मान डोलवत राहिलो. त्या उठेपर्यंत कान दुखून आले. कम्फर्ट सहा.

२७ सप्टेंबर, शनिवार. सकाळी.
शांतपणे विचार केला. माझी बाजू अगदीच लंगडी नाही. मोबाइलचा माइक हलका असतो, त्यात आवाज बदलतो. श्रुतिपेटी फार जवळ ठेवली होती. शिवाय फाइलला नाव नव्हतं.

नाव होतं. आत्ता चष्मा लावून पाहिलं. 'अप्पांसाठी' असं नाव होतं.

दहा वाजता.
शरण्याशी बोललो. समजावलं की दोष तिचा नव्हता, रेकॉर्डिंगचा होता, बिटरेट फार कमी पडला. ती भांग पाडत होती. म्हणाली, आगली अप्पा. आगली म्हणजे होऊ दे, असू दे. आमच्या घरात विषय मिटवायला हा शब्द वापरतात. माफी मागायची होती, ती बिटरेटच्या नंतर मागणार होतो. तोवर ती केसांची क्लिप शोधायला आत गेली.

संध्याकाळी.
भागीरथीबाईंच्या घरी गेलो. इतरांच्या मुली गायल्या. आमची शरण्या डाळीची कोसंबरी वाढत होती. बाईंनी मला सगळ्यांसमोर विचारलं, हिचा घसा एकदम कसा हो बसला. आइस्क्रीम खाल्लं म्हणालो. धापेमुळे ती लहानपणापासून आइस्क्रीमच्या वाटेला जात नाही, बाईंना हे पक्कं माहीत. त्या तिच्यावर रागावल्या, एवढी मोठी झालीस, कळत नाही का म्हणाल्या. शरण्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून हो म्हणाली. मी कोसंबरी खात उभा होतो.

२८ सप्टेंबर, रविवार.
आज सगळं निस्तरायचं. सगळ्यात आधी व्हॉइस नोट उडवायची.

उडत नाही. मुदत टळून गेली. दामोदररावांना लिहिलं, तुम्ही ॲडमिन आहात, तुम्ही उडवा. ते म्हणाले, का म्हणून, इतकं निर्भीड परीक्षण ग्रुपवर झालं नव्हतं.

मग नवी नोट टाकली. म्हटलं, फेरश्रवणात त्या मुलीच्या आवाजात एक सच्चेपणा जाणवला. लगेच विचारणा सुरू झाली की कलाकार कोण, ट्रॅक पाठवा. दामोदरराव म्हणाले, दोष इतके स्वच्छ ऐकू येत असतील तर टेस्टला ट्रॅक उत्तम, हेडफोनबरोबर पेनड्राइव्हवर गावोगाव पाठवू.

ती माझी मुलगी आहे, असं लिहायला बसलो. 'ती माझी' इथवर टाइप केलं. मग ते खोडलं आणि लिहिलं, फाइल करप्ट झाली.

३० सप्टेंबर, मंगळवार.
श्रवण नाही. डोकं दुखतं हे कारण सांगितलं. कुणी काही विचारलं नव्हतं.

तिचा रियाज अजून बंद. संध्याकाळी ती बसायची त्या कोपऱ्यात श्रीविद्याने इस्त्रीचे कपडे ठेवलेत.

१ ऑक्टोबर, बुधवार. आयुधपूजा.
ऑफिसला सुट्टी. स्कूटर धुऊन हार घातला. आत येऊन पाहतो तर आईने पूजेत सगळ्यांची आयुधं मांडली होती. श्रीविद्याचा मिक्सर, माझा लॅपटॉप, शरण्याची श्रुतिपेटी आणि तिच्या शेजारी हेडफोन. दोन्ही मखमली गाद्यांवर गंध, वर कुंकवाचे ठसठशीत टिळे, वर अक्षता.

परवा हा हुबळीच्या मेंबरला पाठवायचाय. जसा आला तसा. आईवर ओरडायला तोंड उघडलं होतं. आई म्हणाली, तू रोज त्याच्यापुढे बसतोस, तुझं आयुध तेच की रे. मग ओरडलो नाही.

पूजेतल्या वस्तूंना आज हात लावत नाहीत. शरण्या नमस्कार करायला आली. श्रुतिपेटीला केला. हेडफोनलाही केला, आजीने सांगितलं म्हणून.

कुंकू उद्या ब्रशने निघेल.

२ ऑक्टोबर, विजयादशमी. संध्याकाळी.
गल्लीत शुकशुकाट. कोणी मिरवणुकीला गेलेले, कोणी बन्नीमंटपला टॉर्चलाइट परेडला. आम्ही घरीच.

पूजेतून उचललेली वस्तू आज एकदा तरी वापरायची असते. मी स्कूटरवर एक फेरी मारली. श्रीविद्याने मिक्सरवर चटणी वाटली. आई शरण्याला म्हणाली, तूही दोन ओळी म्हण. ती म्हणाली, आत्ता बेडा, नको आजी. आईने माझ्याकडे पाहिलं. शरण्याने पाहिलं नाही.

तेव्हा मला एक युक्ती सुचली. म्हटलं, मला परीक्षण पुरं करायचंय, तुमचं काय ते चालू द्या. चष्मा काढला, हेडफोन चढवला आणि डोळे मिटून मान डोलवू लागलो. वायर कशाला जोडलीच नव्हती. मी ऐकत नाही असं वाटलं तरच ती गाईल, आणि जाळीतून मला सगळं ऐकू येईल. दहा दिवसांत या हेडफोनचा मी केलेला हा पहिला बरा उपयोग.

श्रुतिपेटी सुरू झाली. थोड्या वेळाने ती गायली.

वरच्या षड्जावर आवाज थरथरला. प्रत्येक ओळीआधी श्वास ऐकू आला. लहानपणी धाप लागली की तिला खांद्यावर घेऊन मी खोलीत फेऱ्या मारायचो. हाच श्वास माझ्या कानाशी असायचा. तो लांबतोय की तुटतोय एवढं ऐकायचं, बाकी काही नाही. तेव्हा तो मला गर्दीतसुद्धा ओळखता आला असता. तोच श्वास मी अनोळखी माणसांना तुटका म्हणून ऐकवला आणि वर अंगठे मोजले. मला लाज वाटली. लिहितानाही वाटते आहे.

दोन ओळी म्हणणार होती, सगळं गाणं म्हणाली. संपल्यावर उठून माझ्याजवळ आली. वायरचं टोक जमिनीवर पडलं होतं. ते उचलून तिने माझ्या मांडीवर ठेवलं. मग चष्मा हातात दिला. तिला ते टोक पहिल्या ओळीपासून दिसत होतं.

विचारलं, कसं झालं अप्पा.

इतके दिवस ती हेच विचारत होती. मला सांगायचं होतं की असं गाणं मी या हेडफोनवर ऐकलं नाही. सांगायचं होतं की चुकलो. तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, आवाज जरा डावीकडून येतो.

ती म्हणाली, अप्पा, मी डावीकडेच बसले होते.

आणि श्रुतिपेटी उचलून आत गेली.