भेक गप्प झाले तेव्हा

आई, तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितेय.

मी मजेत आहे. वेळेवर जेवते. पाणीही गुडघ्याच्या वर नसतं.

बेडकांच्या गणतीचं काम आहे ना, म्हणून संध्याकाळी दलदलीत उभं राहून आम्ही भेकांचे आवाज मोजतो. आपल्या मोरीत यायचा ना, तसलाच खरखरीत बेडूक. लव्हाळ्यात दडून नर माद्यांना हाका मारतात. पाण्यात जरा पाय हलला, की सगळे चिडीचूप. म्हणून आम्ही श्वाससुद्धा जपून घेतो.

बाबांचा खोकला थांबला का?

काल मी आणि सोबतची ताई पुतळ्यासारख्या उभ्या होतो. तरी लांबचे भेक गप्प झाले. मग जवळचे. मग अगदी पायाशी बसलेले.

ताई कुजबुजली, "तू हललीस?"

मी नव्हते हलले. तीही नाही.

दादाला सांगू नकोस. आज पुन्हा तिथेच उभं राहायचंय.

पाय रोवून उभी असलेली,
तुझी धाकटी