हाव का न्हाई, तेवढं सांगा

सिस्टर, शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की बाबा रेल्वेच्या ऑफिसातून मला न्यायला येईपर्यंत मी तुमच्यापाशी बसायची, कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर. तुमच्या मांडीवर परातीत गवार असायची. तुम्ही मूठभर शेंगा माझ्यापुढं सारायच्या आणि मी त्यांच्या शिरा काढत बसायची. आत आक्का भाकरी थापत असे. तुम्ही केरळच्या, मराठी शिकलात ती या नांदेडच्या आक्काकडून, चुलीपाशी. त्यामुळे वर्गात इतकं नेमकं इंग्रजी बोलणाऱ्या तुम्ही मराठीत शिरलात की 'लई', 'हाव', 'न्हाई' सुरू व्हायचं, तेही तुमच्याकडच्या हेलात, आणि हसू दाबता दाबता आम्हा मुलींची पुरेवाट व्हायची. एकदा मी मॉनिटर होते. वर्ग गप्प बसेना म्हणून डस्टर आपटून अशी ओरडले की तुम्ही व्हरांड्यातून आत आलात. रागावला नाहीत. टेबलावरची पितळी घंटा एकदाच वाजवलीत आणि नुसत्या उभ्या राहिलात. वर्ग हळूहळू निवला. मग वाकून माझ्या कानाशी म्हणालात, "पोरी, गळा काय भाड्यानं आणला का?"

मला नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन तुम्हाला भेटायला आले होते. तुम्ही तेव्हा अंथरुणावरून उठत नव्हता. पेढा हातातच राहिला आणि तुम्ही आक्काला कपाट उघडायला लावून तीच घंटा माझ्याकडे दिलीत. "घे. ओरडू नको." एवढंच. मी लातूरला आले आणि काही दिवसांतच तुम्ही गेल्याचं कळलं. घंटा मी शाळेच्या कपाटात ठेवली, रोज पुसली, पण सिस्टर, तिचा इथं निभाव लागला नाही. पहिलीचा वर्ग, वर पत्रा, खिडकीलगत रस्ता, आणि त्या रस्त्यावरून दिवसभर ट्यूशनला पळणाऱ्या मोठ्या मुलांच्या मोटारसायकली. घंटा वाजवून थांबावं तर पहिल्या बाकावरची दोन पोरं तेवढी माझ्याकडे बघायची. मग मी ओरडले. 'ए फॉर' पासून 'रांगेत उभे राहा' पर्यंत सगळं ओरडून केलं, इतकी वर्षं. पोरांना मी आवडायची. माझ्याकडे शिकलेली एक मुलगी तर आता मोठी होऊन आमच्याच शाळेत, कुणी रजेवर गेलं की त्यांच्या जागी, मॅडम म्हणून येऊ लागली होती.

या वर्षी गळा बसला तो उठेचना. गरम पाणी, हळद, ज्येष्ठमध, सगळं झालं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि म्हणाले, स्वरतंतूवर गाठ आहे, साधी आहे, पण काढावी लागेल. आणि त्यानंतर संपूर्ण मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही, कुजबुजण्यानं घसा जास्त ताणला जातो म्हणे. मी रजेचा अर्ज घेऊन मुख्याध्यापकांकडे गेले तेव्हा ते हसले होते. "जावा मॅडम, बिनधास्त जावा. नोकरी काय कुठं पळून चालली का? पोरांना तेवढंच जरा शांत वाटंल." मीही हसले होते, आवाज न करता.

ऑपरेशन नीट झालं. मुलगा हैदराबादहून आला, राहिला, गेला. मी घरी एकटी, गळ्यात पाटी अडकवल्यासारखी. दूधवाल्याला बोटांनी सांगायची. आणि एका दुपारी शाळेतून फोन आला. मी सवयीनं उचलला. हीच चूक झाली, सिस्टर. वाजू दिला असता तर वाजला असता. ऑफिसातले क्लार्क होते. "मॅडम, हॅलो, ऐकू येऊन राहिलं ना? संस्थेवाले विचारून राहिलेत, मॅडम सोमवारी येऊन राहिल्या का. हॅलो? हाव का न्हाई, तेवढं सांगा की." मी फोन धरून उभी. ओठांवर ठेवलेलं डॉक्टरांचं बोट डोळ्यासमोर. मी नखानं फोनवर टकटक केलं. पुन्हा केलं. "रेंज न्हाई वाटतं," ते कुणाला तरी म्हणाले आणि फोन ठेवला. मी ताबडतोब मेसेज लिहिला, बोलायला बंदी आहे, रजा संपली की येतेच. त्यावर त्यांनी नुसते जोडलेले दोन हात पाठवले. मला वाटलं, पोचलं.

रजा संपल्यावर इस्त्रीची साडी नेसून गेले. वर्गाच्या दारापर्यंत पोचले तर माझ्या खुर्चीपाशी माझ्याकडे शिकलेली तीच मुलगी उभी होती. मला पाहून ती खडू हातात धरून तशीच राहिली. म्हणाली, "मॅडम, मला वाटलं तुम्हाला माहीत असंल." मागून शाळेची मावशी आली, माझा दंड धरला, "चला बाई, आधी सरांकडं चला."

सरांनी मला बसायला सांगितलं, पंखा वाढवला. "मॅडम, तुम्ही फोनवर काहीच बोलला नाहीत. संस्थेला वाटलं तुमचा विचार न्हाई." मी म्हटलं, "सर, मला बोलायला बंदी होती. मेसेज केला होता मी." ते म्हणाले, "मला माहीत हाय की ते. पण मला माहीत असून काय उपयोग?" हे ते खोटं बोलत नव्हते. माझ्याकडे न बघता बोलत होते. म्हणाले, माझी नेमणूक वर्षा-वर्षाची होती, ती इथंच थांबवली, संस्थेकडून तसं आलंय. मी घरून वाक्यं ठरवून गेले होते, तुम्ही शिकवलेल्या इंग्रजीत, अगदी सभ्य. तोंड उघडलं आणि आवाज मधेच फाटला. सर हळूच म्हणाले, "बघा, आजून तरी कुठं आलाय आवाज? मागच्या बाकाला ऐकू जाईल का?" ज्या कामानं गळा नेला त्याच कामाला आता तो पुरत नाही, हे त्यांचं म्हणणं खोटं कसं म्हणू? शेजारच्या वर्गातल्या मॅडम म्हणतात, वकील गाठा. मुलगा म्हणतो, "मम्मी, सोड ना आता, किती वर्षं ओरडणार? इकडं ये." दोघंही माझ्या भल्याचं बोलतात. घर माझ्याच पगारावर चालत होतं, पण तेवढंच नाही. सकाळी डबा भरायला उठते आणि ओट्यापाशी उभी राहते. कुणाला काय विचारावं, कुठल्या दारावर जावं, मला खरंच कळत नाही.

उद्या शनिवार. कपाट रिकामं करून किल्ली ऑफिसात द्यायची आहे. तुम्ही असतात तर विचारलं असतं, म्हणून इथं लिहिते आहे, कोणती वस्तू कुणाला. चित्रांची कार्डं वर्गातच राहू देत, पोरांच्या हातांनी मऊ झाली आहेत. खुर्चीवरची शाल मावशीला, तिचे गुडघे थंडीत धरतात. मनी प्लांटची बाटली सरांच्या खिडकीत. कोमट पाण्याचा थर्मास क्लार्कना, दिवसभर फोनवर बोलून त्यांचाही घसा सुकतो.

घंटा त्या मुलीला. त्या दिवशी मी वर्गाच्या दाराशी पोचले तेव्हा ती पोरांवर ओरडत होती, अगदी माझ्यासारखी, मान ताठ करून, आणि शेवटचा शब्द घोगरा येत होता. घंटा मावशीच्या हाती पाठवता येईल. पण सोबत एक वाक्य आहे, ते मावशीच्या हाती पाठवता येणार नाही, ते मलाच म्हणावं लागेल. तेवढंच आज सकाळपासून गॅससमोर उभी राहून म्हणून बघते आहे, पोरी, गळा काय भाड्यानं आणला का. 'भाड्यानं'वर आवाज जातो. आणि तुमचा हेल काही केल्या येत नाही.