डाव्या हाताची शिवण

६ तारीख, सोमवार

आलो एकदाच्या! दोन बस बदलून, तीन बोचकी उचलून. बोचकी मी, पर्स जाऊबाईंनी.

सहा दिवसांचं गोधडी-शिबिर. सुट्टीत बंद असलेल्या शाळेत. बाकं भिंतीला सरकवून लांब टेबलं मांडलीत. फळ्यावर कुणीतरी सात आठे चोपन्न असं चुकीचं लिहून ठेवलंय, पुसायला कुणाला सवड झालेली नाही. आम्ही सोळाजणी. शिकवणाऱ्या बाई साठीच्या, केस बारीक कापलेले, बोलणं मोजकं.

पहिल्या दहा मिनिटांतच जाऊबाईंनी बक्षीस मिळालेली गोधडी उलगडली. झालं! सगळ्या गोळा. "किती बारीक टाका हो! हात आहे का मशीन?" जाऊबाई मान तिरकी करून म्हणाल्या, "छे हो, हे म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ."

कुणाच्या डाव्या हातचा, ते मला विचारा!

७ तारीख, मंगळवार

न्हाणीघरात नळ सोडून लिहितेय. जाऊबाईंना वाटतंय मी कपडे धुतेय.

इथे तरी खरं लिहावं. सतरा वर्षांपूर्वी जाऊबाईंचा अंगठा दारात चेमटला. प्रदर्शन चार दिवसांवर, गोधडी अर्धी. मीच म्हटलं, द्या, मी पुरी करते. तिला बक्षीस लागलं. अंगठा पंधरा दिवसांत बरा झाला, शिवण माझ्याकडेच राहिलं. रंग मात्र त्यांचे – खोटं कशाला बोलू? मातकट पिवळ्याशेजारी जांभळा लावायची छाती माझ्यात नाही. पण टाका न् टाका माझा, आणि नाव त्यांचं. पुढे हे गेले, थोरल्या दिरांनी वरची खोली मला दिली, आणि मग तर बोलायची सोयच उरली नाही. "तुला इथे काय कमी आहे?" असं जाऊबाई विचारतात. काहीच कमी नाही. तेच तर!

इथे बाईंचा नियम असा की शिवायचं ते सगळ्यांसमोर. जाऊबाईंनी तोंड एवढंसं केलं. "मला चारचौघांत हात चालत नाही हो. एकांत लागतो." बाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं, मग म्हणाल्या, "बरं." म्हणजे वर्गात त्या नुसतं कापड निवडणार, आणि दुपारी दोन ते चार बाकीच्या लवंडल्या की खोलीला कडी लावून त्यांचा गोधडीचा तुकडा मी शिवणार.

आणि माझा तुकडा? तो वर्गात, उजव्या हाताने! ही शक्कलही जाऊबाईंचीच. "दोन्ही तुकडे एकाच हातचे दिसले तर?" शाळेत छड्या खाऊन माझा लिहायचा हात उजवा झाला, घरी चापट्या खाऊन जेवायचा झाला. सुईसाठी कुणी मारलं नाही, म्हणून ती तेवढी डाव्यात राहिली. बाहेर कुणाला पत्ता नाही.

उजव्याने धावदोरा घातला. कापडावरून कोंबडी चालून गेल्यासारखा! शेजारच्या टेबलावर आमच्यासारखीच शिकायला आलेली एक नर्स आहे, ती खदखदून हसली. "ताई, भूल उतरताना माझे पेशंट याच्यापेक्षा सरळ चालतात!" मीही हसले. काय करणार? आतून मात्र तळतळ झाली.

८ तारीख, बुधवार

आज गोलाई जोडायला शिकवली. एक तुकडा बाहेर फुगलेला, दुसरा आत खचलेला. दोघांची कड कधी जुळेल असं वाटतच नाही. बाई म्हणाल्या, टोकापासून सुरुवात करू नका. दोन्हींचा मध्य शोधा, तिथे पहिली टाचणी, मग दोन्हीकडे थोडं थोडं सरकत जा. ओढू नका. कापड आपणहून वळतं.

डाव्या हाताने मी हे काम अर्ध्या तासात केलं असतं, पण वेगळ्याच आडदांड पद्धतीने, खेचून, कापून, दामटून. उजव्याला तसलं काही येतच नाही, त्यामुळे तो बाईंचं मुकाट ऐकतो. बाई माझ्यामागे उभ्या राहिल्या आणि माझा हात हातात धरून चार टाके घातले. पाचवा माझा मी घातला. बरा आला!

मला आजवर कुणी शिवण शिकवलंच नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, तर नर्सला वाटलं सुई टोचली. पट्टी घेऊन आली बिचारी.

संध्याकाळी बाईंनी सांगितलं – इथे कायमचा वर्ग सुरू होतोय, मदतीला एकजण हवी. राहायला खोली, पगार, एक तारखेपासून. शेवटच्या दिवशी काम बघून ठरवणार. जाऊबाईंनी टेबलाखालून माझा गुडघा दाबला.

९ तारीख, गुरुवार

जाऊबाईंचं ठरलंसुद्धा! "आपण दोघी येऊ. घरात आता आपल्या दोघींशिवाय कोण आहे? मी वर्गात रंग सांगेन, तू मागे खोलीत शिवायचंस. कुणाला कळतंय?" मी सुईत दोरा ओवत होते. ओवता येईना.

म्हणजे आता रोज दोन ते चार नाही, सकाळपासून संध्याकाळपर्यंत कडी. घरी निदान वरच्या खोलीची खिडकी उघडी असते, खालून भाजीवाली हाक मारते. इथल्या खोलीची खिडकी भिंतीवर उघडते. सतरा वर्षं झाली, अजून सतरा. तोवर डोळे जातील आणि मगच सुटका!

जाऊबाई खाटेच्या कडेला बसून बिस्किटं खात पहारा देत होत्या. मध्येच स्वतःचा अंगठा उलटसुलट बघत म्हणाल्या, "माझा हात आता बसायचा नाही गं. लोक तोंडावर कौतुक करतात तेव्हा पोटात गोळा येतो माझ्या." हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. कीव आली. मग कीव आल्याचा राग आला.

१० तारीख, शुक्रवार

आज सांगायचंच, असं ठरवून गेले होते. बाई एकट्या चहा पीत होत्या. मी जाऊन उभी राहिले. त्यांनीच विचारलं, "याआधी कधी शिवलंय का तुम्ही?"

एवढी आयती संधी! आणि माझ्या तोंडातून निघालं – नाही.

पटकन. विचारायचा अवकाश! सतरा वर्षांत हा शब्द जिभेवर असा मुरलाय की मला न विचारताच बाहेर पडतो. बाई म्हणाल्या, "हात हळूहळू बसतोय." मी मान डोलावली आणि कप विसळायला निघून गेले, तेही दुसऱ्यांचे. थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

११ तारीख, शनिवार

पायरीवर बसून लिहितेय.

शेवटच्या दिवशी बाई काय करतात ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. व्हरांड्यात दोरी बांधली आणि सोळा तुकडे त्यावर उलटे टांगले. पाठ बाहेर, नाव नाही. म्हणाल्या, "पुढची बाजू सगळेच सजवतात. हात कळतो तो पाठीवरून." मग एकेका तुकड्यापुढे उभं राहून हा कुणाचा, ते आम्ही ओळखायचं. नर्सचा लगेच ओळखला, गाठी पट्टी बांधल्यासारख्या पक्क्या! माझा तर काय, लांबूनच. सगळ्या हसल्या.

मग बाई जाऊबाईंच्या तुकड्यापुढे थांबल्या. बराच वेळ. कडेच्या दुमडीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे टाके उलट्या अंगाला कललेत. ही डावखुरी आहे. कोण?"

दोन तुकडे सारखे दिसू नयेत म्हणून आम्ही एवढा आटापिटा केला, पण डावा हात स्वतःच चुगली करतो हे दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं!

जाऊबाईंनी सावरून घेतलं. त्यांना मानलं पाहिजे! "अहो मीच! एकांतात मी डाव्यानेच शिवते. चारचौघांत लाज वाटते, म्हणून तर..."

"मग दाखवा ना," बाई म्हणाल्या. सुई, दोरा आणि कापडाचा तुकडा पुढे केला. आवाजात राग नव्हता.

जाऊबाईंनी सुई डाव्या हातात धरली. दोरा सुईच्या नेढ्याजवळ नेला, चुकला. परत चुकला. चौदाजणी टक लावून बघत होत्या. कपाळावर घाम. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अगं, माझा चष्मा खोलीत राहिलाय, आण बरं."

मी गेले. चष्मा उशाशी होता. तो घेऊन खोलीत तशीच उभी राहिले. परत गेलेच नाही तर? गेले आणि सगळं सांगून टाकलं तर? दोन्हींचं धैर्य नव्हतं. खरं तेच लिहिते, मी काहीही ठरवलं नाही. चष्मा नेऊन दिला.

त्यांनी तो लावला, तरी दोरा जाईना. हात नुसता लटपटत होता. आणि मी नेहमीसारखी वाकले, त्यांच्या हातातून सुई घेतली आणि ओवून दिली. म्हणजे द्यायची होती. पण सुई माझ्या डाव्या हातात आली, कापड समोर होतं, आणि हाताने सुरुवातच केली! एक, दोन, पाच, दहा. मला कळलं तेव्हा अर्धी कड झाली होती. टाके सगळे उलट्या अंगाला कललेले.

मी थांबले. बाई म्हणाल्या, "थांबू नका, कड पुरी करा."

मी पुरी केली. नर्स तोंडावर हात ठेवून बघत होती. जाऊबाईंनी चष्मा काढला, मिटला. मग कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "रंग माझे आहेत."

"आहेतच," मी म्हटलं. "रंग त्यांचेच आहेत, बाई."

त्यानंतर जाऊबाई माझ्याशी बोललेल्या नाहीत. आत बोचकी बांधतायत. उद्या सकाळची बस, आणि मग तेच घर, तीच वरची खोली. आता तिथे कुठल्या तोंडाने राहायचं?

१२ तारीख, रविवार

बस यायच्या आधी बाईंनी फाटकात गाठलं. एक तारखेपासून याल का, म्हणून विचारलं.

मी हो म्हटलं. जाऊबाईंना विचारून सांगते, असं म्हणायचं राहूनच गेलं.