पारावरचं एकमत

आई, तू गेलीस त्या वयाच्या पुढं मी कधीच निघून आलो, तरी काही चुकलं की अजून तुझ्याच तोंडाकडं बघावंसं वाटतं. यंदा आपल्या गावच्या पंचायतीची निवडणूक व्हायची होती. ती झाली नाही. ती होऊ न देण्यात माझा हात आहे.

आपण कोयनानगरला धरणाच्या कामावर होतो तेव्हाची ती पत्र्याची खोली मला दिसते. मत द्यायला तू उंब्रजकडं, आपल्या गावी निघालीस. बाबा चुलीपुढं बसून हसतायत, "अगं, पाटलाचं मत आन् तुजं मत सारखं व्हय? उगं हजेरी बुडवतीस." तू परातीतलं पीठ मळतेयस, मान वर न करता म्हणतेस, "पेटीत पडल्याव कोण वळखतंय, कुणाचं कंचं ते?" आणि गेलीस की खरंच, घाटातल्या गाडीनं, ओकत ओकत.

पुढं मी किराणा दुकानात पुड्या बांधायला लागलो आणि रद्दीतले पेपर वाचून वाचून शहाणा झालो. शाळा चौथीपर्यंतची, पण तोरा वकिलाचा! एकदा जेवताना तुला ऐकवलं, की अंगठेबहाद्दरांना अर्धंच मत द्यायला पाहिजे. तू माझ्या ताटात भाकरी टाकलीस आणि म्हणालीस, "अडाण्याला अर्धंच मत, तर मग देवाला सांग, भूक बी अर्धीच दे." मी खाली मान घालून जेवलो. त्या दिवशी मी सुधारलो, असं मला इतकी वर्षं वाटत होतं.

यंदा पारावर बैठक बसली. गाव बिनविरोध करायचं ठरलं. भांडणं नकोत, भाऊबंदकी नको, शिवाय बिनविरोध गावाकडं सरकारही बऱ्या नजरेनं बघतं. प्रत्येक जागेला एकच नाव राहिलं, एका जागेवर मात्र दोन. एक मोठ्या घरची सून, जी सांगलीत राहते आणि जत्रेपुरती गावात दिसते. दुसरी आपल्या खालच्या गल्लीतली, बांगड्या भरणारी भाभी. सगळे माझ्याकडं वळले. "आबा, तुमचा शब्द ती मोडायची न्हाई. तुमीच जावा." एक जण तर म्हणाला, "शंभर जणांच्या गलक्यापेक्षा चार शहाण्यांचं एकमत बरं." चार शहाण्यांत मी धरलेला होतो, आई. मी उठलो.

भाभी दारात बांगड्यांची पेटी लावत बसलेली. "या आबा, च्या टाकते." मी म्हटलं, "च्या ऱ्हाऊ दे. अर्ज तेवढा काढून घे पोरी. पुढच्या बारीला मी सोता तुजं नाव सुचवतो."

"आबा, मी पडणार हाय, मला ठावं हाय की. पर माझ्या मागं किती माणसं हायती, ते तरी मोजून कळलं असतं."

"मोजायचं कशाला? गाव तुजंच हाय."

"व्हय? मग नळाचं पाणी आमच्याच गल्लीत शेवटाला का येतंय?"

उत्तर नसलेला म्हातारा जे करतो ते मी केलं. म्हटलं, "माझ्या पांढऱ्या केसांचा मान राख." तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "तुमी म्हणताय म्हणून," एवढंच म्हणाली आणि तरीही चहा टाकायला आत गेली.

मतदानाचा दिवस ठरला होता त्या सकाळी तिची सासू काठी टेकत माझ्या दारात आली. ठेवणीतलं लुगडं नेसलेली. "आबा, साळंला कुलूप हाय. मत कुटं द्यायचं?" मी म्हटलं, यंदा मत नाही, सगळे एकमतानं निवडून आले. म्हातारीनं काठी उंबऱ्यावर आपटली. "मला कुणी इचारलं न्हाई ते? मी तर अजून जित्ती हाय."

पारावर कुणीही म्हणालं नाही की भाभीचं मत मोठ्या घरच्या मतापेक्षा हलकं. तसं म्हणायची गरजच पडली नाही. बाबा निदान तोंडावर बोलले होते आणि तू त्यांना उत्तर देऊ शकलीस. आम्ही गोड बोलून पेटीच येऊ दिली नाही. अडाणी माणूस पैशाला भुलतो, दारूला भुलतो असं मीही कैकदा बोललो असेन. भाभी कशाला भुलली? माझ्या पांढऱ्या केसांना. आणि ते वापरायला नेणारा मी, पेपर वाचणारा.

भाभी परवा नातसुनेला बांगड्या भरायला आली होती. हसली, बोलली, तब्येत विचारली. पाण्याचं काही बोलली नाही. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

हे कुठं पाठवायचं नाहीच. तुला वाचता येत नव्हतं, कुणाला तरी वाचून दाखवायला सांगावं लागलं असतं, आणि दुसऱ्याच्या तोंडून तू हे ऐकावंस असं मला वाटत नाही. एक गोष्ट तर मी घरातही कुणाला सांगितलेली नाही. बिनविरोधचा गुलाल उधळला तेव्हा सरपंचाच्या आधी त्यांनी माझ्या गळ्यात हार घातला. आणि आई, मला बरं वाटलं.