सिंगल बेल

५ एप्रिल

निघालो एकदाचे. पहिल्याच वळणावर गाडीतल्या ओट्याखालचं कपाट उघडलं आणि बटाटे सुटले. गडगडत माझ्या सीटपर्यंत आले. गाडी कडेला घेतली, वाकून वाकून गोळा केले. हे शेजारच्या सीटवर पट्टा बांधलेले. आजारानंतर ह्यांच्या तोंडाची उजवी बाजू हसत नाही, पण डावी हसते तेवढी पुरते. म्हणाले, "बस... भरली." सबंध नोकरी बस चालवण्यात गेली, आता बटाट्यांनासुद्धा उतारू समजतात.

धडा पहिला — निघायच्या आधी प्रत्येक कडी हाताने ओढून बघायची. डोळ्यांवर भरवसा नाही.

लेक दारात उभी होती. रडली नाही, ते मला जास्त लागलं. "आई, वीस तारखेपर्यंत. बाबांची शुश्रूषागृहातली जागा तोवर धरून ठेवलीय. पुढे ते दुसऱ्याला देतील. तेवढ्या दिवसांत तुला एकटीला झेपलं, तर मी तोंडातून शब्द काढणार नाही. पण नाही झेपलं तर खरं सांगायचं."

सांगीन म्हटलं. तिचं चुकत नाही. पण तिथे बायकोला राहू देत नाहीत. ठरल्या वेळी जायचं, खुर्चीवर बसायचं, वेळ झाली की उठायचं. ह्यांच्या नोकरीभर रात्रपाळ्याच झाल्या — मी उठायची तेव्हा हे झोपायला यायचे. निवृत्तीनंतर कुठे एका वेळी दिवा मालवायला लागलो होतो. ते मी असं सोडून देऊ?

६ एप्रिल

गाड्या मुक्कामाला लावतात त्या तळावर उजेडातच पोचलो. हाही धडाच. अंधारात जागा शोधणं म्हणजे परक्याच्या स्वयंपाकघरात मीठ शोधणं.

गाडी उभी केली तर उतारावर. चहाचं पातेलं ठेवलं, चहा एका बाजूला! रात्री हे माझ्यावर घरंगळले असते आणि उजव्या अंगात जोर नाही, मग परत वर कसे जाणार? खालच्या बाजूच्या चाकांपुढे फळ्या टाकल्या, हळूच वर चढवली. मग ताटलीत पाणी घालून ओट्यावर ठेवलं आणि पाहिलं. पुन्हा उतरले, पुन्हा एक फळी. शेजारच्या गाडीतले दाढीवाले गृहस्थ खुर्ची टाकून बघत होते. म्हणाले, "काकू, सपाटी बघायला बुडबुड्याची नळी मिळते." म्हटलं, मिळत असेल, पण ताटली माझ्याकडे आहे.

त्यांची बायको दिवसभर मोठी टोपी घालून असते, सावलीतसुद्धा. तिने सूप आणून दिलं. ह्यांना चमच्याने भरवताना तिने नजर वळवली नाही की मुद्दाम बघितलंही नाही. बरी माणसं.

ही गाडी मूळची पार्सलं पोचवणारी. ह्यांनी निवृत्त झाल्यावर घेतली, आत पलंग ठोकला, ओटा केला, छपरावर उन्हावर चालणारी वीज बसवली. मला चालवायला शिकवलं ते डेपोच्या मोकळ्या पटांगणात. "स्टिअरिंग म्हणजे पिळायचं फडकं नाही," असं रोज ऐकायची. सगळं तयार झालं आणि पहिल्या सहलीच्या आधीच आजारपण आलं. गाडी वर्षभर झाकून ठेवलेली.

७ एप्रिल

छान झोप लागली. दोघांना. सकाळी खिडकीत एक गाय.

९ एप्रिल

आज नवी जागा, तळ्याकाठी. दाढीवाले आणि टोपीवाली पण आले मागोमाग.

गाडी मागे घेताना मला भीती वाटते. मागे उभं राहून हात दाखवणारं कुणी हवं आणि माझं माणूस तर सीटवर. पण ह्यांनी तोड काढली. बाजूच्या आरशात बघायचं आणि डाव्या हाताने समोरच्या फळीवर टक केलं की थांब, टक टक केलं की चल. सिंगल बेल, डबल बेल! कंडक्टर दोरी ओढायचा तसंच. बोलायला ह्यांना वेळ लागतो, शब्द वाटेत अडकतो. टकटकीला वेळ लागत नाही. एका दमात दोन झाडांच्या मधोमध गाडी बसली. दाढीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या तर ह्यांनी मान डोलावली, जणू भरलेली एस्टीच घाटातून उतरवून आणली.

मग दिवसभर तेच चाललं. चहा पुरे — टक. आणखी दे — टक टक. मी जास्त बोलायला लागले तरी टक.

१० एप्रिल

पाण्याबद्दल लिहून ठेवते, नाहीतर विसरेन. टाकी गच्च भरून निघायचं नाही, गाडी जड होते आणि वळणावर पाणी एकीकडे धावतं. अर्धी पुरते. प्यायच्या पाण्याची नळी वेगळी, सांडपाण्याची वेगळी, आणि दोन्ही एका पिशवीत ठेवायच्या नाहीत म्हणजे नाहीत. गॅसची तोटी चालत्या गाडीत बंद. वारा सुटला की बाहेरचं कापडी छप्पर आधी गुंडाळायचं, चहा मग प्यायचा. टोपीवालीने चहा आधी प्यायला. छप्पर तळ्यात.

भांडी धुवायला थेंबभर पाणी लागतं हे मला इतकी वर्षं ठाऊकच नव्हतं. आधी कागदाने पुसायची, मग भिजल्या फडक्याने, मग थेंबभर. हे बघत होते. म्हणाले, "घरी... नळ... सोडून... बसायचीस." एवढं मोठं वाक्य! ऐकून मी टोमणासुद्धा गोड मानला.

१२ एप्रिल

ह्यांना चाकांच्या खुर्चीतून पलंगावर घ्यायची पद्धत दवाखान्यात शिकवली होती. खुर्चीची चाकं अडवायची, त्यांचे पाय माझ्या पायांमध्ये, कमरेच्या पट्ट्याला दोन्ही हात, मग गुडघ्यातून उठायचं, वळायचं, बसवायचं. दवाखान्यात खोली ऐसपैस होती. इथे वळायला जागा नाही, मी ओट्याला पाठ घासत वळते. दिवसातून कितीदा तरी. पलंग बसवला तेव्हा हे धडधाकट होते, उडी मारून चढणार होते.

१३ एप्रिल

कंबर धरली आहे. ही गोष्ट वहीतच राहू दे.

१४ एप्रिल

हे पडले.

लागलं नाही फार. डावं कोपर सोलवटलं. आधी ते लिहून टाकते.

दुपारी जेवण झाल्यावर ह्यांना आडवं करायला घेतलं. पट्टा धरला, उचललं, अर्धी वळले आणि कमरेत अशी कळ आली की डोळ्यांपुढे काळोख. तोंडातून आवाज काढला नाही, पण तोंड तर ह्यांच्या तोंडासमोर होतं. ह्यांनी पाहिलं असणार. पलंगाच्या फळीवर टक केलं. एकदाच. आणि मी थांबले. तशीच, अधांतरी, हात सैल सोडून. हे खुर्ची आणि पलंगाच्या मधून खाली सरकले.

मी पण खालीच बसले शेजारी. उठवता येईना. हाका मारल्या तर दाढीवाले आणि टोपीवाली धावत आले. त्यांनी पांघरूण ह्यांच्या अंगाखाली सरकवलं, दोघांनी दोन बाजूंनी धरलं आणि बघता बघता पलंगावर. काही कठीणच नसल्यासारखं! टोपीवाली म्हणाली, "काकू, हे मुळात दोघांनी करायचं काम आहे हो. तुम्ही एवढे दिवस केलंत कसं?"

सगळे गेल्यावर ह्यांना विचारलं, टक का केलंत? मग मी थांबणारच ना?

कितीतरी वेळ शब्द जुळवत होते. "सिंगल... म्हणजे... पुढच्या... स्टॉपवर." मग डोळे मिटले. "जागच्या जागी... नाही."

कंडक्टरने एक घंटा दिली की ड्रायव्हर पुढच्या थांब्यावर गाडी थांबवतो. रस्त्यामधे ब्रेक मारत नाही. मला आधी पलंगावर टेकवायचं आणि मग विसावा घ्यायचा, एवढंच म्हणत होते. माझ्यासाठी म्हणत होते. आयुष्यभर ड्रायव्हरची बायको, पण बसमध्ये मी नेहमी मागे बसले. मला काय ठाऊक.

१५ एप्रिल

लेकीला फोन केला. शब्द दिला होता. सगळं सांगितलं — पडले, कोपर, माझी कंबर, शेजाऱ्यांनी उचललं. मला वाटलं आता ती ओरडेल. म्हणाली, "आई, तुझी कंबर आता कशी आहे?" त्यावर मला रडू फुटलं.

मग म्हणाली, "बाबांना ऐकू येतंय का? बाबा, तुम्हीच सांगा. ती जागा सोडू का ठेवू?"

मी ह्यांच्याकडे बघत होते. मान हलवतील, नको म्हणतील, निदान माझ्याकडे बघतील. ह्यांनी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "ठेव."

स्वच्छ. एकदाही न अडखळता. इतक्या महिन्यांत एवढा स्वच्छ शब्द नव्हता आला, आणि आला तो हा.

१६ एप्रिल

सकाळपासून अबोला. माझ्याकडूनच. ह्यांचा तर सक्तीचाच असतो. दोन वेळा अंडी करपवली. एवढा आटापिटा मी कुणासाठी केला? बटाटे गोळा करत, फळ्या टाकत, ताटलीत पाणी बघत?

दुपारी टोपीवाली आणि दाढीवाले ह्यांना आडवं करायला आले, न बोलावता. गेल्यावर मी पाय आपटत भांडी पुसत होते. ह्यांनी हाक मारली. "अगं."

"काय आहे?"

"कंबर."

"दुखतेय का? कुठे?"

"माझी... नाही. तुझी."

मी फडकं ठेवलं.

"तू... मोडलीस..." मग अडकले. मी शब्द पुरवायला गेले तर हात वर करून थांबवलं. स्वतःच काढला. "तर मला... कोण... बोलणार?"

भेटायला कोण येणार म्हणायचं असेल, की माझ्याशी बोलणार कोण — मी विचारलं नाही. दोन्ही एकच. त्यांच्या छातीवर डोकं टेकवलं. डावा हात माझ्या कमरेवर आला, अगदी जिथे दुखतं तिथेच. किती दिवसांपासून ठाऊक होतं ह्यांना, कोण जाणे. मी आपली वहीत लपवत होते.

१७ एप्रिल

आवराआवर. ह्यांची खुर्ची उतरवायची फळी आत, सांडपाणी रिकामं, कापडी छप्पर गुंडाळलं, सगळ्या कड्या ओढून पाहिल्या. दाढीवाल्यांनी बुडबुड्याची नळी भेट दिली. "काकू, ताटली जेवायला वापरा आता." टोपीवालीने टोपी काढून मिठी मारली. डोक्यावर केस विरळ, नुकते उगवलेले. म्हणून टोपी. आपापलं ओझं घेऊनच सगळे फिरायला निघालेले.

१९ एप्रिल

शुश्रूषागृह आधी एकदा बघून घेऊ म्हटलं, तर लेक पण आली. खोली उजेडी आहे. पलंगाच्या तिन्ही बाजूंनी फिरता येतं, आणि ह्यांना उचलायला खरंच तिथल्या कामाच्या दोन मुली आल्या, हसत, गप्पा मारत. अलगद ठेवलं. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं — बघ.

बघितलं.

मागे स्वयंपाकघराच्या पलीकडे मोकळी जागा आहे, जुनी रुग्णवाहिका उभी असायची म्हणे. आता नुसतं गवत. मी व्यवस्थापक बाईंना विचारलं, "इथे एक गाडी उभी राहिली तर चालेल?"

"भेटीला येणाऱ्यांची पार्किंग पुढे आहे, काकू."

"भेटीपुरती नाही. मी त्यात राहते."

त्यांनी चष्मा काढला. लेक म्हणाली, "आई, काहीतरीच काय!" मी म्हटलं, वीज माझी छपरावर आहे. पाणी मी भरून आणते, सांडपाणी माझं मी नेऊन रिकामं करते. आवाज नाही, धूर नाही. तुमच्या दोन मुली दमल्या तर चहा मिळेल.

"अहो, हे शुश्रूषागृह आहे, गाड्यांचा तळ नाही. मला वर विचारावं लागेल. आणि किती दिवस?"

"हे आहेत तोवर."

त्या चष्मा पुसत राहिल्या. लेकीने माझा हात धरला.

२० एप्रिल

ह्यांना आत सोडलं. बाहेर रस्त्यावर गाडीत येऊन बसले. शेजारची सीट रिकामी. किल्ली फिरवली नाही अजून.

२४ एप्रिल

आज पाहुणे आले होते चहाला. केस विंचरलेले, शर्टाला इस्त्री, खुर्ची ढकलायला एक मुलगी. यायचं म्हणजे काय — शुश्रूषागृहाचं मागचं दार उघडलं, गवत ओलांडलं, की आलंच. मी सकाळपासून गादी झटकली, कप घासले, आरशात दोनदा बघितलं. दोन कप प्यायले. निघताना म्हणाले, "उद्या... येऊ?"

म्हटलं, या की. मी घरीच असते.