घुरघुरणारा अ‍ॅम्प्लिफायर

ता. ३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे, असं लिहायचं असतं म्हणून लिहितो. खरं म्हणजे डोकं फिरलंय. ऐकू कमी येतं म्हणून अप्पांनी रेडिओ बंद केला, असं तू कळवलंस तेव्हापासून त्यांच्यासाठी अ‍ॅम्प्लिफायर बनवतोय. जन्मभर लोकांचे रेडिओ दुरुस्त केलेल्या माणसाच्या घरी रेडिओ मुका! शिवाय मी कोर्स अर्धवट टाकून घर सोडलं तेव्हापासून ते माझ्याशी एक अक्षर बोललेले नाहीत. निदान हा डबा ऐकून तरी बोलतील.

पण डबा घुरघुरतो. गाणं लावायच्या आधीच. खाली बेकरी चालवणाऱ्या घरमालकीणबाईंनी विचारलं, की वर मांजर पाळलंय का. मला वाटतं, चूक कपॅसिटरची आहे. ट्रान्सफॉर्मरकडून वीज हेलकावे खात येते, कपॅसिटर तिला टाकीसारखी साठवून संथ करतो. टाकी अपुरी पडली की घुरघुर. म्हणून नवीन जोडी आणायला निघालो, तर वाटेत एक धारवाला भेटला. त्याने मला चाक फिरवू दिलं! शिंप्याच्या कात्रीला मी धार लावली, ताई. असो. कपॅसिटर आणले. ट्रान्सफॉर्मरवर अठरा व्होल्ट लिहिलंय, मी चांगले पंचवीसवाले घेतले.

अप्पांना नमस्कार सांग, ते घेणार नाहीत तरी. लोभ आहे तेवढा राहू दे.

तुझा,
भोवरा

ता. ११ मार्च

चि. भोवऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचते. अप्पांपुढे मोठ्याने म्हणजे ओरडूनच, त्यामुळे शेजाऱ्यांनाही तुझे कपॅसिटर पाठ झालेत. अप्पा पेपर तोंडापुढे धरून बसतात, आपला काही संबंध नसल्यासारखे. पण पंचवीस आकडा आला आणि पेपर खाली आला. भिंतीकडे बघत म्हणाले, की अठरा ही सरासरी झाली, लाटेचा माथा पंचविशीच्याही वर जातो; पस्तिसाच्या खालचा कपॅसिटर घेणारा गाढव. तुझं नाव घेतलं नाही. गाढव कोण, हे भिंतीला कळलं असेल.

आणखी एक. डॉक्टर म्हणाले, अप्पांचे बारीक आवाज गेलेत, जाडे शाबूत आहेत. म्हणजे माझ्या हाका ऐकू येणार नाहीत, पण तुझी घुरघुर पहिली ऐकू येईल. वेळेवर जेवत जा. माया आहेच, ती मागावी लागत नाही.

ताई

ता. १९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र यायच्या आत गाढवाचा एक कपॅसिटर फुगून फुटला. खोलीभर त्याच्या पोटातल्या कागदाच्या चिंध्या, आणि वास असा की घरमालकीणबाई लाटणं घेऊन वर आल्या.

मग मी इरेला पेटलो. पन्नास व्होल्टचे, दुकानातले सगळ्यांत मोठे कपॅसिटर आणले, मुरंब्याच्या बरणीएवढे. चालू केलं की फ्यूज उडायचा. जाड फ्यूज घातला. तर घुरघुर वाढली! आधी मांजर होतं, आता घर्रर्र करणारी करवत. टाकी मोठी केली आणि हेलकावे वाढले, हे कुठलं शास्त्र? दुकानदाराला विचारलं, तर म्हणाला, आणखी मोठे लाव. तार, कथलाचे डाग, हात सगळं भाजून झालं. मला नाही जमत, ताई. माझं काहीच शेवटाला जात नाही.

डबा पार्सलने पाठवतोय. त्याचं स्टूल कर. महिनाअखेरीस एका सुताराबरोबर बोटी बांधायला जातोय. राग नसावा.

भोवरा

ता. २५ मार्च

चि. भोवऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

पार्सल आलं. मी हात लावायच्या आत अप्पांनी सुतळी कापली. डबा लावला, कान टेकवला, तोंड कडू केलं आणि डबा उलटा केला. तेव्हापासून जेवणाचं टेबल त्यांचं आहे. आम्ही उभ्याने जेवतो.

आणि सारखं चाललंय, भोवऱ्याने ही तार बघ कुठून नेली, भोवऱ्याला अक्कल कधी येणार, भोवऱ्या, अरे, इथे डाग देतात का! इतके दिवस त्यांच्या तोंडी तुझं नाव नव्हतं, आता दुसरं काही ऐकू येत नाही. त्यांचं म्हणणं, कपॅसिटर धक्क्याधक्क्याने भरतो. टाकी जितकी मोठी तितके धक्के जबर. तू त्या धक्क्यांची आणि स्पीकरची परतीची तार एकच ठेवलीस, म्हणून सगळे धक्के आवाजात उतरले. तार वेगळी केली असतीस तर मध्यम कपॅसिटरनेही भागलं असतं.

त्यांनी ती वेगळी केली, बरण्या काढल्या, एक मध्यम कपॅसिटर लावला. दुसरा हातात घेतला आणि खाली ठेवला. भिंतीला नाही, मला म्हणाले, ज्याचं काम त्याने संपवावं. मी विचारलं, ये म्हणून लिहू का. तर म्हणाले, मी असं कुठे म्हटलं? मग टपाल कधी निघतं, ते चारदा विचारलं. मला तुम्हा दोघांचाही वैताग आलाय.

ताई

ता. ३० मार्च

ती. ताईस,
घाईत नमस्कार.

बसस्टँडवरून लिहितोय. सुताराला नाही म्हणून सांगितलं. हे पत्र माझ्या आधी पोचेल, कारण वाटेत एके ठिकाणी उतरायचंय, तिथे म्हणे घंटा ओततात. फक्त बघून निघतो. खरंच.

तोवर एवढं कर. अप्पांचे हात शिवशिवतील. त्यांना ओरडून सांग, दुसऱ्या कपॅसिटरला हात लावायचा नाही. तो माझा आहे.

भोवरा